एकाच टेबलाचा आग्रह

जगात असा एकही माणूस नाही, ज्याला मी शांत करू शकत नाही. ही बढाई नाही, याचा मला पगार मिळतो. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस लाल बटण दाबतो. मग भिंतीतून जो आवाज येतो, तो माझा. "घाबरू नका, दरवाजाला हात लावू नका, मदत निघालेली आहे!" मदत पुष्कळदा चहा पीत असते. पण माझा आवाज असा लोण्यासारखा, की माणसं आत बसून उलट माझ्याच तब्येतीची चौकशी करतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती बसते. तिचंही काम हेच. दिवसभर दुसऱ्यांना शांत करता करता आम्ही दोघं एकमेकांमुळे अशांत झालो आणि लग्न करायचं ठरवलं. अडचणी दोनच होत्या. माझे बाबा आणि तिचे अप्पा.

बाबा सुतार. स्वतःचं फर्निचरचं दुकान. घाईनं केलेली प्रत्येक वस्तू डुगडुगते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. जेवतात तर इतके सावकाश, की घास शेवटी स्वतःच कंटाळून खाली उतरतो. अप्पा बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. शिट्टी अजून खिशात! सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणतात, तिची आईसुद्धा. उशीर करणारा आणि खून करणारा, या दोघांत ते खुन्याला थोडं वरचं स्थान देतात. "तो निदान वेळ ठरवून जातो," म्हणतात.

असे दोन पुरुष बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसवले असते, तर सरबत येण्याआधी आमचं लग्न मोडलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं.

माझा अनुभव असा, की लिफ्टमध्ये अडकलेली अनोळखी माणसं बाहेर येतात तेव्हा एकमेकांचे जिवलग झालेले असतात. पण दोन घरच्या मंडळींना आठवडाभर लिफ्टमध्ये कोंडणं कायद्यात बसत नाही. तेवढ्यात जाहिरात दिसली, आठवड्याची समुद्रसफर! जहाज म्हणजे तरी काय? आडवी जाणारी लिफ्ट. मधेच उतरून जायची सोयच नाही.

बेत असा: दोन्ही कुटुंबांनी वेगवेगळं यायचं, जसं काही कुणी कुणाला ओळखतच नाही. रात्रीच्या जेवणाला योगायोगानं एका टेबलावर बसायचं. तिसऱ्या दिवशी ओळख, पाचव्या दिवशी दोस्ती, शेवटच्या दिवशी लग्नाची गोष्ट. मी स्वतः फोन करून बुकिंग केलं.

"जेवणाच्या वेळेबद्दल काही पसंती?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"वेळ कुठलीही द्या हो! टेबल मात्र दोन्ही कुटुंबांना एकच पाहिजे. खिडकीजवळचं, सहा खुर्च्यांचं!"

"नक्की तेच टेबल?"

"तेच म्हणजे तेच! त्यात तडजोड नाही!"

बाई गोड हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला जहाजावर कळला.

झालं होतं असं, की जहाजावर माणसं होती जेवणाच्या हॉलच्या दुप्पट. म्हणून तिथे दोन पंगती. पहिली सहाला, दुसरी सव्वाआठला. एकदा वेळ आणि टेबल मिळालं की शेवटच्या दिवसापर्यंत तीच वेळ, तेच टेबल, तोच वेटर. आमचा वेटर भरघोस मिशांचा. त्यानं आम्हाला एकोणीस नंबरच्या टेबलाशी नेलं. खिडकी होती. सहा खुर्च्या होत्या. बाबा, आई आणि मी बसलो. उरलेल्या तीन खुर्च्या रिकाम्या.

"बाकीची मंडळी?" मी विचारलं.

"दुसऱ्या पंगतीला साहेब. हेच टेबल. खास आग्रह होता म्हणे कुणाचा तरी." मिशीवाला मेनू ठेवून गेला.

मी तडक हॉलच्या मुख्य साहेबांकडे धावलो. पांढरे हातमोजे, मान किंचित तिरकी. वेळ बदलून द्या म्हणालो, तर जहाज उलटं फिरवा म्हटल्यासारखे बघायला लागले. "इथे वेळ बदलत नाही," ते म्हणाले. "माणसं बदलतात."

ठीक आहे, म्हटलं. अजून आठवडा आहे. मी मोठमोठ्या इमारतींना शांत केलेलं आहे!

त्या संध्याकाळी बाबा उठले तेव्हा सव्वाआठ कधीच वाजून गेले होते आणि दुसरी पंगत दाराबाहेर खोळंबली होती. टेबल डुगडुगतं म्हणून त्यांनी मेनूकार्डाची चारपदरी घडी करून पायाखाली सरकवली, दोन्ही हातांनी टेबल हलवून बघितलं आणि समाधानानं ढेकर दिली. मी आईबाबांना मागच्या दारानं काढून खोलीत पोचवलं आणि तिला भेटायला परत हॉलच्या दाराशी आलो. आतून गर्जना ऐकू आली.

"खुर्ची गरम आहे!"

कंट्रोलर खुर्चीवर हात ठेवून उभे होते. डॉक्टर कपाळावर ठेवतात तसा. "आत्ताच कोणीतरी उठून गेलंय! आमच्या वेळेत! आणि हा टेबलाखाली काय कचरा?" त्यांनी बाबांची घडी ओढून काढली. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "हा कोण?"

"माझ्या ऑफिसातला," ती घाईघाईनं म्हणाली. "बघा ना अप्पा, काय योगायोग!"

"काय रे, तू त्या पहिल्या पंगतीवाल्या बेशिस्तांपैकी नाहीस ना?"

"छे छे! मी दुसऱ्या पंगतीचा! कट्टर!"

"मग उभा काय? बस! जेवला नसशील अजून."

सूप, पाव, मासा, बटाटे आणि कस्टर्ड हे सगळं माझ्या पोटात नुकतंच विसावलं होतं. मिशीवाला आला. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू न देता त्यानं माझ्यापुढे सूप, पाव, मासा, बटाटे आणि कस्टर्ड ठेवलं.

तिची आई निवृत्त नर्स. "खा रे, लाजू नकोस! किती अशक्त दिसतोस!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ताटातले बटाटेही माझ्या ताटात ढकलले. कंट्रोलर खूश झाले. "उद्यापासून इथेच जेवायचं! एकटा कुठे बसतोस?"

अशी माझी दुहेरी नोकरी सुरू झाली. पुढचं जेवण पोटात मावावं म्हणून मी पहिल्या पंगतीला दोन घास टिवल्याबावल्या करत खायचो. आई काळजीनं वाळत चालली.

"पोराची भूकच मेली हो! कावीळ तर नाही?"

पण आई शिवणकाम करते. तिसऱ्या दिवशी तिनं माझी पँट उसवून कंबर मोठी करून दिली आणि हातातली सुई तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "माझ्यासमोर तू चिमणीएवढं खातोस. मग ही कंबर कोण खातंय?"

"समुद्राची हवा," मी म्हणालो.

इकडे टेबलावर युद्ध पेटलं होतं. पहिल्या दिवशीची घडी गायब झालेली बघून बाबांनी दुसऱ्या दिवशी आइसक्रीमच्या लाकडी काडीची सुबक पाचर तासली आणि पायाखाली ठोकली. तिसऱ्या दिवशी ती गायब! "माझी पाचर काढली? कोण नतद्रष्ट बसतो रे इथे आपल्या मागून?" बाबांनी नवी तासली, जास्त घट्ट. रात्री कंट्रोलर टेबलाखाली वाकून ती उपटायचे आणि खिशात टाकायचे. "पुरावा!" म्हणायचे. मग टेबल डुगडुगायचं, सूप त्यांच्या शर्टावर सांडायचं, आणि त्याचाही दोष पहिल्या पंगतीला.

"अप्पा, कदाचित ती पाचर टेबल हलू नये म्हणून असेल," एकदा तिनं सुचवलं.

"शत्रूची बाजू घेऊ नकोस! आणि खुर्ची बघ आज! कालच्याहून गरम!"

एकमेकांचं तोंडही न बघता दोन माणसं एकमेकांचा इतका द्वेष करू शकतात, हे मी लिफ्टमध्ये कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या दिवसाची दोस्ती बाजूलाच राहिली. बाबा तर म्हणाले, "असल्या माणसाच्या घरात मी पायसुद्धा ठेवणार नाही." त्या घरातलीच मुलगी मला करायची होती. त्या रात्री मला दुसरं कस्टर्ड प्रथमच गेलं नाही.

शेवटची संध्याकाळ उजाडली. म्हणजे मावळली. मला वाटलं, सफर संपली की शत्रूही संपला. घरी गेल्यावर नव्यानं ओळख करून देऊ. कुणाला काही कळणार नाही. बाबा फक्त वेळेत उठले की झालं!

बाबांनी कस्टर्ड संपवलं, चहा मागवला आणि हाताची घडी घातली. "आज त्या पाचरचोराचं तोंड बघितल्याशिवाय मी उठणार नाही."

त्याच क्षणी माझ्या फोनवर तिचा निरोप आला. "अप्पा वेळेआधीच निघालेत. पहिल्या पंगतीला रंगेहाथ पकडायचं म्हणतात. शिट्टी बरोबर आहे."

मी टेबलाखाली जायचा विचार केला. पण नव्या कमरेसह ते शक्य नव्हतं.

फुर्रर्र! सगळा हॉल चमच्यासकट थिजला. दारात कंट्रोलर, मागे तिची आई, त्यामागे डोळे मिटलेली ती.

"उठा!" कंट्रोलर टेबलापाशी येऊन गरजले. "तुमची गाडी सुटली!"

"आधी माझ्या पाचरी टाका इथे!" बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

कंट्रोलरनी खिशात हात घालून सगळ्या पाचरी टेबलावर आपटल्या. "ह्या घ्या! कचरा करता तो करता, वर..." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या तोंडात चमचा होता. "तू? शत्रूच्या टेबलावर?"

"शत्रू कोणाला म्हणता? तो माझा मुलगा आहे!" बाबा म्हणाले.

"मुलगा?" तिच्या आईनं डोळे विस्फारले. "पण तो तर रोज आमच्याकडे जेवतो! बिचारा इतका उपाशी येतो!"

"उपाशी?" आई म्हणाली, आणि तिची नजर सावकाश माझ्या कमरेवर येऊन थांबली.

पाचही चेहरे माझ्याकडे वळले. काहीतरी बोलणं भाग होतं. मी तोंडातला चमचा काढला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं, लोण्यासारख्या आवाजात म्हणालो, "घाबरू नका. दरवाजाला हात लावू नका. मदत निघालेली आहे."

आणि आयुष्यात पहिल्यांदा मदत खरोखर आली! पांढरे हातमोजे घालून आली.

"हा काय प्रकार?" मुख्य साहेब बाबांकडे वळले. "तुमची वेळ संपली, उठा." मग कंट्रोलरकडे. "तुमची वेळ झालेली नाही. बाहेर जाऊन उभे राहा."

बाबांनी चहाचा घोट घेतला, सावकाश गिळला.

"कोणाला बाहेर काढताय?" ते म्हणाले. "माझ्या टेबलाशी आलेला माणूस आहे तो. जेवल्याशिवाय जायचा नाही!"

"आणि यांना उठवताय?" कंट्रोलर कडाडले. "कपात चहा आहे त्यांच्या, दिसत नाही? उभी हयात डेपोत गेली माझी, पण प्रवाशाचा पाय पायरीवर असताना मी गाडी हलवू दिली नाही!"

"पण आत्ता तुम्हीच शिट्टी..."

"माझी शिट्टी आहे! मी केव्हाही वाजवीन!"

"आमचं भांडण आमचं आम्ही बघू," बाबा म्हणाले. "तुम्ही कोण मधे पडणारे?"

"एका टेबलावर दोन पंगती बसत नाहीत!" साहेबांचा आवाज चिरकला.

कंट्रोलरनी बोटानं मोजलं. "माणसं सहा, खुर्च्या सहा. म्हणजे ही एकच पंगत. गाडी भरली! सोडा!" आणि ते बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मिशीवाल्याच्या हातात तिघांची ताटं आधीच तयार होती. तो माणूस पहिल्या दिवसापासून या क्षणाची वाट बघत असणार. मुख्य साहेब तिरकी मान सरळ करून निघून गेले.

बाबांनी ढिगातली एक पाचर निवडली, वाकले, पायाखाली ठोकली. "आता ठेवा सूप."

कंट्रोलरनी वाटी ठेवली. टेबल हलवून बघितलं. सूप ढिम्म. "अहो... हललंच नाही की!" ते पुटपुटले. "आणि मी आठवडाभर शर्ट धूत बसलोय!"

"घाईनं उपटलं की असं होतं," बाबा म्हणाले. "खा. निवतंय."

हीच वेळ होती. मी घसा खाकरला. पण माझ्याआधी तीच म्हणाली, "अप्पा, आम्हाला दोघांना लग्न करायचंय."

कंट्रोलरनी घड्याळाकडे बघितलं. "पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? आठवडाभर लेट!"

"घाई नव्हती केली," बाबा समजुतीनं म्हणाले. "पक्कं काम दिसतंय."

आणि दोघं हसले! तिची आई माझ्या आईजवळ सरकली, माझ्या अशक्तपणाबद्दल बोलायला. मी खिडकीतून समुद्राकडे असं बघितलं, जणू तोही मीच शांत केला होता. मिशीवाला माझ्या कानाशी वाकला. "सवयीप्रमाणे, साहेब?" आणि त्यानं माझ्यापुढे सूप ठेवलं.

दोन महिन्यांनी लग्न झालं. जेवणाच्या दोन पंगती होत्या. मुख्य टेबल सहा खुर्च्यांचं, खिडकीजवळचं. आग्रह अर्थात माझा! पहिल्या पंगतीला तिथे दोन्ही वडील, दोन्ही आया आणि आमच्या ऑफिसातले दोन साहेब बसले. कंट्रोलर आता बाबांच्या तालमीत तयार झालेले. एकेक घास असा चावत होते, की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. आम्ही नवराबायको नव्या कपड्यांत मागे उभे, पोटात कावळे ओरडत होते. मी हळूच खोकलो.

"घाई केली की डुगडुगतं," बाबा मागे न बघता म्हणाले.

"प्रवासी अजून उतरलेले नाहीत!" कंट्रोलर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला.

शेवटी आम्हाला जागा मिळाली. तोवर सूप संपलं होतं, मासा संपला होता, कस्टर्डचं भांडंसुद्धा विसळून झालं होतं. टेबल मात्र अजिबात हलत नव्हतं. आणि खुर्ची, काय सांगू, चांगलीच गरम होती!