पळपुटी पायरी

तळ

जावईबापू हॉलमध्ये पालथे पडले होते. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. बायको चहा घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी थांबली.

"अहो, पडलात की झोपलात?"

"उतार बघतोय."

"त्यासाठी आडवं कशाला व्हायचं? काहीतरी टाका खाली. जाईल तिकडे उतार."

खोटं नव्हतं. त्या घरात बटण, गोळी, पेनचं टोपण, जे काही हातातून सुटेल ते घरंगळत थेट हॉलमधल्या कपाटाखाली जायचं. वस्तू हरवली की कुणी शोधत बसत नसे. कपाटाखाली झाडू फिरवायचा, की गेल्या वर्षीचंही काहीतरी मिळायचं.

सासूबाई याच घरात, लेकीकडे राहत. महिन्यापूर्वी त्यांच्या हातून दोऱ्याचं रीळ सुटलं. रीळ कपाटाकडे निघालं, सासूबाई रिळामागे निघाल्या. आतली खोली हॉलपेक्षा दोन बोटं उंच होती, त्यामुळे मध्ये एक बारकी पायरी होती. रीळ ती उतरलं. सासूबाई चुकल्या. खुब्याचं हाड मोडलं.

"आता काही दिवस चाकाची खुर्ची, मग वॉकर," डॉक्टर म्हणाले. "घरात जमीन एकसारखी हवी. उतार नको, पायरी नको."

बायकोचा मोठा भाऊ लांबच्या गावाहून आला होता. तो ताबडतोब म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. आई माझ्याकडे येईल. कायमची."

"जमीन मी सरळ करतो," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही?" मांजरानं गाडी चालवायला मागितली तर ज्या आवाजात विचारावं, त्या आवाजात मेहुण्यांनी विचारलं. "बरं. हॉस्पिटलातून सोडतील त्या दिवशी आईला घेऊन येतो. पायरी दिसली, की गाडी तशीच पुढं."

पहिला थर

जावईबापूंनी काही म्हणजे काही सोडलं नाही. जुना गोंद खरवडला. धूळ झाडली, पुन्हा झाडली. मग जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बसवला.

"आता जमिनीला काय झालं? ताप आला?" बायकोनं विचारलं.

"ओल तपासतोय. प्लास्टिकच्या खाली घाम दिसला, तर ओल."

"वर तर दिसतोय," त्यांच्या कपाळाकडे बघत ती म्हणाली.

जमीन कोरडी निघाली. मग आलं सपाटीचं मिश्रण. पातळ कालवायचं, ओतायचं आणि मोकळं सोडायचं. ते आपोआप सपाट होतं.

"आपोआप होतं, मग तुमचं काय काम?"

"मी ओततो."

ते ओतत गेले, मिश्रण पसरत गेलं. कपाटाकडचा खोलगट भाग भरला, मग मिश्रण माघारी वळलं आणि सावकाश, अगदी सभ्यपणे बाहेरच्या दाराकडे निघालं.

"अहो, जमीन बाहेर चालली!"

बायकोनं जावईबापूंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फटीत कोंबला. जमीन घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी छिन्नीनं टॉवेल सोडवला, तेव्हा तो दगड झाला होता. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं निमुळता, दाराएवढा रुंद.

"धुवायला टाकू की इस्त्रीला?" असं म्हणून बायकोनं तो गॅलरीत भिंतीला टेकवून उभा केला.

मग ती दार उघडून दूध आणायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "दार किंचित घासतंय का हो?"

"नवीन आहे. सुटेल."

"दार नवीन आहे?"

पण जावईबापू तोवर लाकडी फळ्यांचे खोके मोजत होते, आणि पुरुषमाणूस खोके मोजत असताना त्याला दार ऐकू येत नाही.

दुसरा थर

खोके आणले तरी फळ्या लगेच लावायच्या नसतात. त्या खोलीत नुसत्या ठेवायच्या.

"कशासाठी?"

"घराची सवय व्हायला. दोन दिवस लागतात."

"दोन दिवसांत होते?" बायको म्हणाली. "मला अजून होतेय."

फळ्यांखाली फोमची चादर अंथरायची. आणि भिंतीलगत सगळीकडे करंगळीएवढी फट सोडायची, कारण लाकूड हवेनं फुगतं. जागा मिळाली नाही तर फळ्या एकमेकींना ढकलून मधोमध उठून बसतात. फटीवर शेवटी पट्टी येते, त्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

फट

मेहुण्यांना वाटत होतं, हे सगळं जावयाच्या हट्टापायी चाललंय. बायकोला वाटत होतं, माझ्यासाठी करताहेत. खरं कारण पट्टीखाली होतं.

रोज संध्याकाळी जावईबापू आणि सासूबाई पत्ते खेळत. सासूबाई लबाडी करत. चोरून नाही, उघड. हुकमाचा एक्का पदराखाली ठेवत आणि विचारत, "माझ्याकडे बघताय की पत्त्यांकडे?" जावईबापू म्हणत, "मला काही दिसलं नाही." सासूबाई जिंकत, आणि जिंकल्या की खुर्चीत डुलून हसत. त्या हॉस्पिटलात गेल्यापासून पत्त्यांचा डबा कुणी उघडला नव्हता. बायकोशी एकदा खेळून पाहिलं. ती नियमानं खेळली. मजा नाही आली.

फळ्या

सासूबाईंना सोडायच्या दिवशी सकाळी जावईबापूंनी आतल्या भिंतीपासून फळ्या लावायला घेतल्या. धूळ येऊ नये म्हणून बाहेरचं दार लावून घेतलं. एकेक फळी खटकन बसत होती. शेवटची ओळ दारापाशी, अगदी दाराला खेटून बसली.

मग त्यांनी आतली खोली आणि हॉल यांच्या मधून तळहात फिरवला. पायरी नव्हती. हात इकडून तिकडे गेला आणि कुठं अडला नाही.

"डोळे मिट आणि चालत ये," ते बायकोला म्हणाले.

बायको डोळे मिटून खोलीतून हॉलमध्ये आली, पार कपाटापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. बराच वेळ टोमणा आला नाही. जावईबापूंना काळजी वाटू लागली.

"छान झालंय हो," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली.

दार

जावईबापूंनी कडी काढली आणि दार ओढलं. आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं.

हॉल आतल्या खोलीइतका उंच झाला होता. दार मात्र जुन्या उंचीवर होतं, आणि आत उघडणारं होतं. त्याचा खालचा काठ शेवटच्या फळीमागे बसला होता, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन.

"उघडताय ना?" बाहेरून मेहुणे.

"उघडतोय, दादा."

"मग उघडा की."

"आतून उघडत नाहीये."

"बाहेरून तर उघडत नाहीच. तुम्ही स्वतःला कोंडून फरशी केलीत?"

"फळ्या," जावईबापू म्हणाले. "फरशी नाही."

"आई, चल," मेहुणे म्हणाले. "गाडी खालीच आहे."

दारापलीकडे चाकाची खुर्ची करकरली. मग सासूबाईंचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"जावईबापू, पत्ते कुठं आहेत?"

"आत."

"आणि मी कुठं आहे?"

"बाहेर."

"मग बघताय काय? बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत. खिळ्या ठोकून काढा!"

जावईबापूंनी हातोडी घेतली. बायकोनं दार धरलं आणि झुकवताना कुठं अडकू नये म्हणून धरल्या धरल्या त्याचं हँडलही काढून टाकलं. खिळ्या निघाल्या. दाराचा वरचा भाग हळूच आत झुकवायचा आणि मग दार उचलून घ्यायचं, असं ठरलं.

"दादा, ढकलू नका हं," बायको म्हणाली.

मेहुण्यांना शेवटचे दोन शब्द ऐकू आले नसावेत. दार आलं ते जावईबापूंसकट सोफ्यावर आलं.

चौकटीत सासूबाई खुर्चीत बसलेल्या दिसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत रीळ. त्यांच्या चाकांपुढे दोन बोटं उंचीचा, नवा कोरा, लाकडी काठ.

"पायरी!" मेहुणे आनंदानं ओरडले.

तीच ती. आतून हाकललेली, आता बाहेरच्या चौकटीत येऊन उभी.

पण मेहुणे कितीही झालं तरी डोक्यानं चालणारे गृहस्थ होते, आणि डोकं चालू लागलं की थांबत नसे. "थांबा," ते म्हणाले, "दारच आडवं टाकू या. चढण होईल." दोघांनी दार बाहेर नेलं आणि काठाला लावून आडवं टाकलं. दार दोन बोटं जाड होतं. ते जमिनीच्या अगदी रेषेत बसलं, आणि पायरी दाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"ही बया पुढं पुढंच चाललीये," सासूबाई म्हणाल्या. "जिना उतरून जाईल आता."

बायको गॅलरीत गेली आणि टॉवेल घेऊन आली. निमुळती बाजू बाहेर, जाड बाजू दाराला. असा बसला की जणू मापानं शिवला होता. मेहुण्यांनी खुर्ची ढकलली. चाकं टॉवेलावर चढली, दारावरून गेली, घरात आली. कुठं धक्का नाही.

"टॉवेल आधीच चौकटीत लावला असता, तर दार कशाला लागलं असतं?" सासूबाईंनी विचारलं.

मेहुण्यांनी घाईनं खुर्ची पुढं ढकलली.

हॉलच्या मधोमध सासूबाईंनी पिशवीतून रीळ काढलं आणि सोडून दिलं. सगळ्यांच्या माना सवयीनं कपाटाकडे वळल्या. रीळ टप्पकन पडलं, जरासं घरंगळलं आणि तिथंच थांबलं. सासूबाईंनी पुन्हा उचलून द्यायला लावलं, पुन्हा टाकलं. पुन्हा थांबलं.

"आई, जमीन ठीक आहे," मेहुणे म्हणाले, "पण या घराला दार नाहीये! इथं कशी राहणार तू? चल माझ्याकडे."

"अरे, दार नाही म्हणून तर जाता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "घर उघडं टाकून कुणी जातं का? आणि सुतार येऊन दार कापून देईपर्यंत तुलाही जाता यायचं नाही. बस तिथं."

सुतार परवा येतो म्हणाला. मेहुणे चौकटीत खुर्ची टाकून, चौकटीच्या दुसऱ्या बाजूला पाय लावून बसले. आत पत्त्यांचा डबा उघडला. "माझ्याकडे बघताय की पत्त्यांकडे?" असं विचारलेलं बाहेरपर्यंत ऐकू आलं, आणि मागोमाग कुणीतरी डुलून हसलं.

शेजारीण विरजण मागायला आली. मेहुण्यांनी "कोण पाहिजे?" विचारलं, गुडघे आतल्या बाजूला वळवले, तिला जाऊ दिलं आणि पुन्हा होते तिथं आणले.

जावईबापू पानं लावता लावता कौतुकानं बघत राहिले. हे दारही आतच उघडत होतं, पण खाली कुठं घासत नव्हतं.