नव्या पेटीचं म्हातारपण

पेटी जुनी करण्यात एवढं काय मोठंसं, असं धाकटीने कारखान्यात ऐटीत जाहीर केलं. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. शिंपल्याचं जडावकाम केलेली त्यांची शेवटची पेटी बाकावर नवी कोरी चमकत होती आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती पणजीच्या कपाटातून काढल्यासारखी दिसायला हवी होती. बाबांनी शब्द दिला होता. तो खाली पडू द्यायचा नव्हता.

कडक चहाचं पाणी फिरवायचं, भुशाचा धूर द्यायचा, मेण चोळायचं. तिने एक हात दिला आणि जेवायला गेली.

पॉलिशवाल्या काकांना वाटलं, पोरीचा हात हलका; माल परत आला तर खचेल. त्यांनी गुपचूप दुसरा हात दिला. संध्याकाळी आईने चष्म्याशिवाय पेटी पाहिली. तिला ती अजून उजळच वाटली. तिने तिसरा दिला. एकमेकांची मनं जपायची म्हणून कोणी कोणाला काही बोललं नाही.

निर्यात तपासणीच्या साहेबांनी पेटीला भिंग लावलं आणि ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, असं त्यांनी मऊ आवाजात सांगितलं.

"अहो, नवी आहे ती. माझ्या बाबांनी केलीय."

"पकडलेला प्रत्येक जण वाडवडिलांचंच नाव सांगतो, ताई."

तेव्हा काकांनी मान खाली घालून आपला हात कबूल केला. धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आईनेही घसा खाकरला. टोळी बरीच मोठी आहे, असं साहेबांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी तज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई जडावावरून बोट फिरवत राहिल्या. असे कारागीर आता कुठे राहिलेत, म्हणाल्या. धाकटीला वाद घालायचा होता. पण ते वाक्य तिला खोडता येईना.

पेटी जप्त झाली. गिऱ्हाईक भला माणूस. दुसरी पाठवा, थांबतो, म्हणाला. दुसरी कोण करणार, हे त्याला सांगणं काकांच्या जिवावर आलं.

आता पेटी संग्रहालयात काचेआड आहे. तिघं तिकीट काढून बघायला गेली. खाली पाटी होती : कारागीर अज्ञात, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी.

आईने पाटी दोनदा वाचली.

"दोनशे वर्षं," ती म्हणाली. "आणि वय दिसू नये म्हणून हे जन्मभर कलप लावत राहिले."