डिलक्स पत्रिकेचा खून

कालभैरवाच्या नजरेतून एखादा गुन्हेगार सुटेल, पण आपल्या नजरेतून सुटणार नाही, असं श्रीनाथकाका स्वतःच सांगत असत, कारण दुसरं कोणी सांगत नसे. बँकेत जन्मभर सह्या पडताळल्यामुळे नुसत्या वेलांटीवरून आपल्याला माणसाचं पाप ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले आणि ही गुप्त बातमी त्यांनी उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंज पेठेला दिली. आजवर त्यांनी एकच चोर पकडला होता. तो गल्लीतला दूधवाला होता आणि निर्दोष होता.

केदार त्यांचा पुतण्या जन्माने होता आणि सहायक नाइलाजाने. टावर चौकाजवळच्या एका खोलीत त्याचा पत्रिका जुळवण्याचा धंदा चाले. रामघाटावरचे गुरुजी मोबाइलवरून मुलामुलीच्या जन्मवेळा पाठवत, केदारचा सर्व्हर गुण मोजून पत्रिका तयार करी. सगळं सुरळीत होतं. मग त्याच्या सख्ख्या बहिणीची, गौरीची, पत्रिका आली.

गौरी आणि रुचिर इंदूरला एकाच ऑफिसात सर्व्हर सांभाळता सांभाळता एकमेकांनाही सांभाळू लागले होते. रुचिरच्या आईची, अनसूयाबाईंची, लग्नाला ना नव्हती. पण दोन गुरुजींनी गुणांचे दोन वेगळे आकडे सांगितल्यापासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. आता यंत्र सांगेल तेच खरं, आणि पत्रिका हवी डिलक्स, पानोपानी देवांच्या रंगीत चित्रांची. यंत्र हो म्हणालं तर साखरपुडा, नाही म्हणालं तर नमस्कार.

आणि यंत्र काहीच म्हणेना. केदार बटण दाबायचा, पंखे घूं घूं करायचे आणि मध्येच पडद्यावर एकच शब्द उमटायचा: किल्ड.

“खून,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला, की केदारला भीतीच वाटली.

तपास सुरू झाला. कीबोर्डवर काकांना लाल डाग सापडला, आणि रक्त, रक्त म्हणत त्यांनी भिंग काढलं. तो डाग भैरवगढच्या छापील टेबलक्लॉथचा निघाला. टेबलक्लॉथ काकांनीच भेट दिला होता, रंग पक्का असल्याची शपथ घेऊन. मग संशय अभिजीतवर गेला, कारण त्याने पूर्वी गौरीला मागणी घातली होती. काकांनी लपतछपत त्याचा चौकापर्यंत पाठलाग केला. तिथे अभिजीतने वळून त्यांना नमस्कार केला, पोहे-जिलबी खाऊ घातली आणि आपल्या बायकोशी ओळख करून दिली. इतका सज्जन माणूस संशयास्पदच असतो, असं काकांनी परत येऊन जाहीर केलं. त्यानंतर पाळी आली मंगळाची. पुराणांप्रमाणे मंगळाचा जन्मच उज्जैनचा. आपल्याच गावात कोणी मशीनवर आपला दोष मोजावा, हे त्याला कसं खपेल?

शेवटी, मशीनची स्मरणशक्ती कमी पडत असेल, असं काका म्हणाले. त्यातल्या त्यात हे शहाणपणाचं वाटलं म्हणून केदारने मेमरी दुप्पट केली. पत्रिका अगदी त्याच जागी मेली.

इकडे अनसूयाबाईंचा निरोप आला, की रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही हा अपशकुन समजू. शनिवारी गौरी घरी आली ती डोळे सुजवूनच. तिला कोणी काही विचारलं नाही; जिचं लग्न तिला काय विचारायचं? सर्व्हरवर पोट भरणारी मुलगी सर्व्हरशेजारी बसून मटार सोलत होती आणि दोन पुरुष मंगळाचा बंदोबस्त करत होते.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. “दादा, प्रोग्राम मरतो तेव्हा मेमरी किती मोकळी असते?”

“अर्ध्याच्या वर.”

“क्या यार दादा. घर रिकामं पडलंय आणि पाहुणा दारातच मरतोय. दारावर कोणीतरी पहारेकरी बसवलाय, पक्का.”

मटार बाजूला सारून तिने सेटिंगची फाइल उघडली. पत्रिकेच्या प्रोग्रामला तिथे मर्यादा घातलेली होती: एवढीच मेमरी खायची, जास्त मागितलीस की मेलास. उन्हाळ्यात एकदा या प्रोग्रामने सगळी मेमरी खाऊन मशीन लटकवलं होतं, तेव्हा केदारनेच ती घातली होती आणि मजेत विसरला होता. साध्या पत्रिकेला ती पुरून उरत असे. डिलक्सच्या पहिल्या पानावरचा गणपती मात्र चौकात फ्लेक्स लागेल एवढा मोठा होता.

“म्हणजे खुनी तू,” काका केदारला म्हणाले. “मला पहिल्यापासून शक होता.”

गौरीने मर्यादा चौपट करून प्रोग्राम पुन्हा चालवला. पंखे घुमले. गणपती आला, त्याच्यामागून बाकीचे देव आले आणि शेवटच्या पानावर आकडा आला. छत्तीसपैकी साडेनऊ.

केदारला बहिणीकडे बघवेना. हे रहस्य सुटलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. गौरीने पडद्याचा फोटो काढून रुचिरला पाठवला. उत्तर लगेच आलं. ते वाचून ती आधी रडली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. तिने मोबाइल केदारपुढे धरला. रुचिरने एवढंच लिहिलं होतं, की मर्यादा परत कमी कर.

तिने केली, पूर्वीपेक्षाही थोडी कमी. पत्रिका पुसून टाकली. “दादा,” ती म्हणाली, “तुझी सेटिंग एकदम बरोबर होती.”

तेवढ्यात अनसूयाबाईंचा फोन आला. गौरीने तो स्पीकरवर टाकून काकांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “काका, केस तुमची आहे. सुचेल तो सिद्धांत सांगा.”

असं काकांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. साडेनऊ त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, पण पुराव्यापुढे ते कधीच झुकले नव्हते. त्यांनी घसा खाकरला. यंत्र बिचारं छत्तीसपर्यंतच मोजायला शिकलेलं. या मुलांचे गुण मोजता मोजता ते छत्तीसच्या पार जातं आणि तो भार न सोसून प्राण सोडतं, असं त्यांनी बँकेतल्या आवाजात सांगितलं. केदारने डोळे मिटून घेतले.



“मला वाटलंच होतं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “आमचा रुचिर लहानपणापासून असाच आहे. पुढच्या रविवारी साखरपुडा करून टाकू. त्या मशीनला आता कशाला त्रास?”