तिघी पाणमांजरी

पार्सल उघडलं तेव्हा मानामीच्या हातात आधी शेपटी आली. हातभर लांब, तपकिरी, केसाळ, आत कापूस ठासून भरलेली. तिच्यामागून पोट आलं आणि मग मिशा असलेली टोपी. एक पोशाख लहान होता आणि दोन मोठे. सासूबाईंनी, म्हणजे युकिएबाईंनी, नातीच्या वाढदिवसासाठी मात्सुमोतोहून स्वतः शिवून पाठवले होते.

"आजीचा पण आहे," लेक कोतोहा टोपीतूनच म्हणाली. "आपण तिघी पाणमांजरी होऊन तोपोरुला भेटायला जायचं."

तोपोरु हे मिनामो पार्कमधलं पाणमांजर. सध्या कोतोहाच्या लेखी त्याचा मान वडिलांच्या वरचा होता.

मानामी औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई. पार्कचे नियम तिनं तिकिटं काढायच्या आधीच वाचले होते. पोशाख करायला लहान मुलांना वर्षभर मुभा होती, मोठ्यांना फक्त ऑक्टोबरात. मोठी माणसं नटून फिरली, की लहान मुलं त्यांनाच पार्कची पात्रं समजतात, असं कारणही खाली दिलं होतं. आणि कोतोहाचा वाढदिवस मे महिन्यात.

"आईंना सांगा ना तुम्ही," तिनं नवऱ्याला म्हटलं.

"मी सांगितलं तर तिला वाटेल, तूच सांगायला लावलंस," शुनपेई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला.

"मग मी सांगू?"

"तू सांगितलंस तर वाटेल, सुनेला माझं शिवण आवडलं नाही."

"मग सांगायचं कुणी?"

"ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

शेवटी मानामीनंच फोन लावला. आधी पोशाख किती सुंदर आहेत, आपल्याला किती आनंद झाला, हे तिनं भरभरून सांगितलं. मग आवाज खाली आणला. "पण आई, मे महिन्यात ऊन जरा…"

सभ्य माणूस 'जरा' म्हणून थांबतो, उरलेलं ऐकणाऱ्यानं भरायचं असतं. सासूबाईंनी ते भरलं, पण भलत्याच गोष्टीनं.

"म्हणून तर अस्तर सुती लावलंय."

"हो, पण ट्रेनमध्ये शेपटी जरा…"

"मांडीवर घ्यायची. बाळासारखी."

"पार्कमध्ये मोठी माणसं म्हणजे जरा…"

"अगं, सगळे कौतुकच करतील. तू नको काळजी करूस."

मानामीनं फोन ठेवला. खरं सांगावं तर सासूबाईंच्या रात्रंदिवसाच्या शिवणावर पाणी पडणार, न सांगावं तर वाढदिवसाच्या दिवशी फाटकावरून परत यावं लागणार. रात्रभर कूस बदलून तिनं एक मार्ग काढला. आपण कशाला वाईट व्हायचं? फाटकावरचा माणूस सांगेल. त्याला पगारच त्याचा मिळतो.

सासूबाई आदल्या रात्रीच मुक्कामाला आल्या आणि ठरल्या दिवशी तीन पाणमांजरी ट्रेनमध्ये ओळीनं बसल्या. समोरची माणसं डोळे मिटून झोपेचं सोंग घेत होती. सासूबाईंच्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मानामीनं त्यांना जवाचा गार चहा दिला, खारट गोळी दिली, रुमाल ओला करून मानेवर ठेवला. तिच्या पिशवीत सगळं होतं. कोतोहाचे कपड्यांचे तीन जोड, छत्री, मलम, थर्मामीटर, खायला भाताच्या ओनिगिरी.

"आई, तुम्हाला फार उकडतंय का?"

"छे. तुला?"

"मला नाही." मानामीनं उकाड्याच्या धास्तीनं पोशाखाच्या आत बिनबाह्यांचा पातळ गंजीफ्रॉक आणि अर्धी चड्डी एवढंच घातलं होतं.

फाटकावरच्या पोरसवदा रखवालदारानं त्यांना पाहिलं आणि कमरेत वाकला. "क्षमा असावी. आपला पोशाख जरा…"

मानामीचा जीव भांड्यात पडला.

"घरी शिवलाय," सासूबाई म्हणाल्या.

"फारच सुंदर. पण नियमांच्या दृष्टीनं जरा…"

"शेपटी कुणाच्या पायात येणार नाही. हातात धरून चालू."

रखवालदार पुन्हा वाकला आणि साहेबांना घेऊन आला. साहेब त्याच्याहून खाली वाकले आणि त्यांनाही 'जरा'च्या पुढे जाता येईना. सासूबाई उलट वाकल्या, तशी त्यांची शेपटी वर झाली. मागची रांग फाटकाबाहेर गेली. गणवेशातली माणसं पाणमांजरींपुढे वाकताहेत म्हटल्यावर लोकांना वाटलं, स्वागताचा कार्यक्रम सुरू झाला. बालवाडीची एक अख्खी सहल येऊन त्यांच्यापुढे रांगेत उभी राहिली. एक आजोबा मानामीच्या कडेवर नातू देऊन फोटो काढू लागले.

"आई," कोतोहानं तिची शेपटी ओढली. "ही मुलं तुला खरी समजतायत. तू खरी नाहीयेस ना?"

मानामीनं नातू परत केला. तिचे कान तापले होते, ते टोपीमुळे नव्हे.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "मोठ्यांना हे चालत नाही. आपल्याला आत सोडणार नाहीत."

लग्न झाल्यापासून तिनं सासूबाईंपुढे शेवटापर्यंत नेलेलं हे पहिलं 'नाही'. साहेबांनी नजर बुटांकडे वळवली.

सासूबाईंनी शांतपणे पोटावरची चेन खाली ओढली. आत इस्त्रीची करडी विजार आणि पांढरा सदरा, गळ्याशी मोत्यांची माळसुद्धा.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"ठाऊक होतं?"

"आमच्या स्टेशनात हा नियम एवढा मोठा लावलाय. पण कोतोहानं फोनवर हट्ट धरला, तेव्हा मागून तूच म्हणालीस ना, वा, काय मजा येईल. मला वाटलं, तुझीच हौस आहे."

"पण मी तुम्हाला ऊन म्हटलं, शेपटी म्हटलं…"

"मला वाटलं, मला त्रास नको म्हणून कचरतेयस. म्हटलं, सुनेचा हिरमोड आपण कशाला करायचा? फाटकावरचा माणूस सांगेल." त्यांनी शेपटीची नीट घडी घातली. "चल, तूही उतरव. घामाघूम झालीयेस."

मानामी हलली नाही.

"काय झालं?"

"आत जरा…"

या वेळी सासूबाईंना 'जरा'चा अर्थ तत्काळ कळला. त्यांनी पिशवी उपसली. तीन जोड निघाले, सगळे पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचे.

"सगळ्यांचं आणलंस आणि स्वतःचं?"

साहेबांनी विनयानं सांगितलं, की कपड्यांचं दुकान आहे, पण ते फाटकाच्या आत. सासूबाई नातीचा हात धरून आत गेल्या आणि मानामी एकटीच पाणमांजर फाटकाबाहेर बाकावर बसली. तेवढ्यात आणखी सहा मुलं तिच्याबरोबर फोटो काढून गेली.

सासूबाई परतल्या तेव्हा त्यांच्या हातात तोपोरुच्या चेहऱ्याचा सदरा, पंजांच्या ठशांची विजार, कानांचा पट्टा आणि कमरेची शेपटीवाली थैली होती. "तुझ्या मापाचं एवढंच होतं. कान कोतोहानं निवडले."

मानामी स्वच्छतागृहातून बाहेर आली ती पहिल्यापेक्षा जास्त पाणमांजर दिसत होती. साहेबांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. सगळं पार्कच्याच दुकानातलं.

"फारच सुंदर," ते म्हणाले, आणि त्यांनी फाटक उघडलं.

आत गेल्यावर सासूबाई तिच्या कानांकडे बघत चालत होत्या. "पोशाख फुकट नाही जायचे म्हणा. ऑक्टोबरात मोठ्यांना मुभा आहे."

"आई, ऑक्टोबरात जरा…"

सासूबाई थांबल्या. "वाक्य पूर्ण कर."

मानामीनं पुढे पळणाऱ्या कोतोहाच्या शेपटीकडे पाहिलं.

"गारवा असतो," ती म्हणाली. "अस्तर लोकरीचं लावा."