राजाचा पलंग, बाराव्या शतकातला

विभाचं म्हणणं एकच होतं. राजा आज जिवंत असता, तर पायातले बूट काढून थेट आडवा झाला असता! इतका तिने सजवलेला किल्ला हुबेहूब होता.

आठ वर्षं सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये डबे भरून झाल्यावर इंटिरियर डिझायनर विभाला पहिलं स्वतःचं काम मिळालं होतं. मॉलच्या हॉलमध्ये युरोपातल्या एका जुन्या राजाची दालनं उभी करायची. हे साधलं, तर रियाधच्या म्युझियमचं काम मिळणार. नाही साधलं, तर पुन्हा डबे!

बाई महिनाभर नवं सामान जुनं करत होती. शेकोटीला काजळी फासली, चिलखताला गंज चढवला, पडद्यांना कसर लागल्यासारखी भोकं पाडली.

उद्घाटनाच्या सकाळी ती हॉलमध्ये शिरली आणि तिचे डोळेच दिपले. सगळं लखलखत होतं!

सफाईचे सुपरवायझर जाफरभाई, मूळचे दापोलीकडचे, हसत पुढे आले. "काय मॅडम, किती खराब माल पाठवलान तुम्हाला! पण काळजी नको, सगळं घासून काढलं."

"चिलखताचा गंज?"

"खलास!"

"काजळी?"

"खलास! आणि पडदे आमच्या स्टाफमधल्या मेहनाजने घरी नेऊन रफू केले. भोक शोधून दाखवा!"

विभाचा आवाज चिरका झाला. "आणि भिंतीवरचे ते पिवळे, कडा जळलेले कागद?"

"फेकले. मॉलमध्ये शोभतात काय?"

प्रेक्षकांसाठी लिहिलेली सगळी माहिती त्याच कागदांवर होती! पण जाफरभाई इतक्या मायेने बोलत होते, की तिला धड रडताही येईना. आहेरात सातवा लेमन सेट मिळालेल्या नवरीसारखी ती "थँक्यू" म्हणाली.

दारं उघडली. सहर नावाची एक सौदी तरुणी आईला घेऊन आत आली आणि इंग्रजीत म्हणाली, "हा पलंग पांढऱ्या रंगात मिळेल?"

"अहो, विकायला नाहीये! हा राजाचा पलंग आहे. बाराव्या शतकातला!"

सहरने आईला अरबीत समजावलं. आईचा चेहरा पडला. "आई म्हणते, वापरलेला आहे, तर किंमत कमी करा ना!"

त्यानंतर धरबंदच राहिला नाही. कुणी राजाच्या पेटाऱ्याच्या कड्या ओढून पाहिल्या. एका कुटुंबाने शाही मेजावर थर्मास उघडून कहवा ओतला. "प्लीज, हा किल्ला आहे!" असं विभा घसा फोडून सांगत होती आणि लोक तिला कपाटाचं माप विचारत होते. शेवटी ती चिलखताच्या आडोशाला मटकन बसली. आठ वर्षांनी मिळालेलं काम, आणि दुपारच्या आत त्याचा बाजार झाला!

तेवढ्यात नवऱ्याचा, विवेकचा फोन आला. म्युझियमच्या निवेदिता मॅडमना विमानतळावरून आणायचं काम त्याच्याकडे होतं.

"अगं, तुझा किल्ला आहे कुठे? सगळा मॉल पालथा घातला! मॅडम दमल्या, म्हणून एका फर्निचरच्या दुकानात टेकलोय."

विभाने चिलखताच्या काखेतून पाहिलं. निवेदिता मॅडम पलंगाची गादी दाबून बघत होत्या. विवेक सिंहासनावर पाय पसरून बसला होता.

"आणि ऐक," तो फोनवर हळूच म्हणाला, "इथे एक खुर्ची बघून ठेवलीय. तुझ्या किल्ल्यात काय शोभेल गं!"