कोशासाठी बोलणी

"बोलणी खाणं? अहो बाई, तो तर माझ्या हातचा मळ! संध्याकाळच्या आत खणखणीत वाक्य आणून देतो!"

कोशकारसाहेबांनी छाती फुगवून सांगितलं आणि संपादिकाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. 'अपब्रेड' हा जुना इंग्रजी शब्द साहेबांच्या वाट्याला आला होता. या इंग्रजी-मराठी कोशात प्रत्येक शब्दाखाली खऱ्या माणसाच्या तोंडचं मराठी वाक्य द्यायचं, मनचं रचायचं नाही, असा बाईंचा कडक नियम. आणि साहेबांनी दिलं होतं, 'आई मुलावर रागावली.'

"रागावणं वेगळं, दटावणं वेगळं," बाई म्हणाल्या. "अपब्रेड म्हणजे समोरच्यानं जे केलं ते नेमकं काढून त्याच्या पदरात घालायचं! 'हे असं केलंत, शोभलं का तुम्हाला?' या थाटात. आज वाक्य आलं नाही, तर 'यू' अक्षराचं सगळं काम तुमच्या सहायिकेकडे!"

साहेबांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या अक्षरांतल्या चुका काढण्यात गेलं होतं. स्वतःचं अक्षर आत्ता कुठे मिळालं होतं! पण घरात बायको असताना बोलण्यांची काय चिंता? खिशात पेन अडकवून ते भरदुपारी घरी निघाले.

घरात सासूबाई मुक्कामाला होत्या. साहेब बूट घालूनच थेट स्वयंपाकघरात शिरले. बायकोनं नुसतं पाहिलं. त्यांनी ओला टॉवेल गादीवर फेकला. बायकोनं तो मुकाट्यानं वाळत घातला. मग त्यांनी दूध तापत ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत हाताची घडी घालून बघत राहिले!

बायको धावत आली. साहेबांचा हात खिशाकडे गेला. आता फुटणार तोफ!

"असू दे हो," ती मायेनं म्हणाली. "तुम्ही बसा बरं."

घात झाला! तेवढ्यात सासूबाई जवळ आल्या. "जावईबापू, मन घट्ट करा. भरदुपारी घरी आलात, पायातल्या बुटांचं भान नाही, तेव्हाच ओळखलं मी. गेली ना नोकरी?"

साहेबांचे डोळे चमकले. यावर तर हमखास बोलणी मिळणार! "हो, गेली!" ते बेधडक म्हणाले. "आणि मला त्याचं काही वाटतही नाही!"

बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला. "मी आहे ना! मी शिकवण्या वाढवीन." तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारून आपल्या मुलाला फोन लावला. तो मेहुणा म्हणजे महा उतावळा! त्यानं तडक संपादिकाबाईंनाच फोनवर गाठून नोकरी परत द्या म्हणून गयावया केली.

पाचच मिनिटांत साहेबांचा फोन वाजला. बाजू मांडायला बायकोनंच तो घेतला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"वहिनी, यांना काढलं कुणी?" बाईंचा आवाज घुमला. "मी तर फक्त बोलणी खाऊन एक वाक्य आणा म्हटलं होतं!"

 बायकोची नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या खिशातल्या पेनावर आली.

"म्हणजे ओटा मी पुसला, शिकवण्या वाढवायला निघाले मी, धसक्यानं माझी आई उपाशी बसली, आणि तुम्ही खिशात पेन अडकवून माझ्या तोंडाकडे बघत होतात? माझं रडणं तुम्हाला एका वाक्याच्या मोलाचं वाटलं? शोभलं हो तुम्हाला? अगदी शोभलं!"

साहेबांनी शरमेनं मान खाली घातली. पेन खिशातच राहिलं. वाक्य टिपायचं असतं हेसुद्धा ते विसरले.

"वा! याला म्हणतात अपब्रेड!" फोनमधून बाई कडाडल्या. "वहिनी, छापू ना हे?"

"ठळक अक्षरात छापा!" बायको म्हणाली.

साहेबांना धुगधुगी आली. "बाई, म्हणजे 'यू' माझंच ना?"

"छे हो! वाक्य टिपलं इथं माझ्याशेजारी बसून फोन ऐकणाऱ्या तुमच्या सहायिकेनं. 'यू' तिचं. पण नाराज होऊ नका, तुमचंही नाव येणार आहे कोशात!"

"कुठे?" साहेबांनी मान वर केली.

"वाक्याखाली. 'कुणाला उद्देशून' असा रकाना असतो ना, तिथे!"