शंभराच्या आतला आकडा

सकाळी साडेसातला दारावर टकटक झाली की आमच्या घरात 'कोण' म्हणून कुणी विचारत नाही. बाहेर बिरूअण्णा असतात. हातात वही, कानावर पेन आणि एकच मागणी: "मास्तर, आकडा द्या. शंभराच्या आतला, मनाला येईल तो."

अण्णा मूळचे जतकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीत आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. बंगळूरच्या मुलाने आपला जुना लॅपटॉप दिला, तेव्हापासून अण्णा मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकतात. सध्या धडा वाढत्या यादीचा. अशा यादीत किती जागा हवी ते आधी ठरवावं लागत नाही, टाकाल तेवढं मावतं. सरावासाठी तिच्यात कसलेही आकडे भरायचे. सगळं जग ते संगणकाकडूनच घेतं. अण्णा कॉलनीकडून घेतात.

"यंत्राचा आकडा सूत्रानं येतोय, मनातनं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी गणिताचा मास्तर. हे खरं आहे हे मला कबूल करावं लागलं, आणि त्याचा रागही आला.

शिस्त मात्र फौजेची. साने काकू रोज अकराच सांगायच्या. अण्णांनी वही उघडून त्यांना समज दिली, मग गुडघ्याची चौकशी केली आणि चहा घेऊनच उठले. बारा घरं व्हायला दहा वाजत.

शेवटी माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी त्यांना प्रोग्रामची एक ओळ लिहून दिली: क्षणात हजार आकडे. वर कॉलनीभर सांगितलं, की अण्णांची पायपीट वाचली. दुसऱ्या दिवशी दोन-तीन दारांतून त्यांना ऐकायला मिळालं, की आता संगणकच देतो ना आकडे.

त्यानंतर दोन दिवस टकटक झाली नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा चहा ठेवायला आत गेले. लॅपटॉप उघडाच होता, मी सवयीने तपासायला बसलो. मी दिलेली ओळ त्यात आधीपासूनच होती. तीन महिन्यांपूर्वीची तारीख घालून लिहिलेली आणि संगणकाने वगळावी म्हणून पुढे खूण करून बंद ठेवलेली. शेजारी अण्णांची टीप होती: "चालतीया. पर मग सकाळी कुणाकडं जायाचं?"

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. चहा घेऊन घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मीच त्यांचं दार वाजवलं आणि म्हणालो, "अण्णा, सत्तेचाळीस."

अण्णांनी कानावरचं पेन काढलं. वही उघडून बघितली.

"दोन दिसाचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "आजचा धरून तीन द्या. बसा."

पहिले दोन मी लगेच दिले. तिसरा सुचायला मुद्दाम दहा वाजवले.